हरकत चालू आहे

चनबसप्पा म्हमाणे यांनी स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्रुटी काढून परत पाठवली होती. मुहूर्त साडेदहाचा छापला होता, पण सकाळी की रात्री याचा उल्लेख नव्हता. मुलीकडच्यांनी दुसऱ्या पत्रिका छापून घेतल्या. ज्या मुलीचं लग्न होतं तिला आम्ही पुढे अव्वा म्हणू लागलो, म्हणजे कानडीत आई. ही गोष्ट तिनेच मला सांगितली आणि सांगताना ती खूप हसली. मीही हसलो. मी तिच्याशी जे वागलो ते तेव्हा अजून व्हायचं होतं.

आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि अजून सरकारी नोकरीत आहे, म्हणून कचेरीचं नाव सांगत नाही. सोलापुरात, सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटं, एवढं पुरे. अण्णांबद्दल, म्हणजे म्हमाण्यांबद्दल, लिहायचं बरीच वर्षं मनात आहे आणि तितकीच वर्षं मी ते टाळतो आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मी लिहिलेली एक खोटी ओळ सांगावी लागते. ती सांगतोच. पण आधी अण्णा.

अण्णा आमच्या शाखेचे अव्वल कारकून होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट आणि कोटाच्या वरच्या खिशात एक लाल-निळी पेन्सिल. लाल टोक चुकीवर खूण करायला, निळं टोक बरोबर असलेल्यावर. मी त्यांच्या हाताखाली लागलो त्या दिवशी ती पेन्सिल पाहिली. लाल बाजू झिजत झिजत अर्ध्याच्या खाली आली होती. निळं टोक कारखान्यातून आलं तसं, न तासलेलं.

"अण्णा, निळं कधी वापरतच नाही का?" मी विचारलं.

"बरोबर कागद आला की वापरू की," ते म्हणाले. "अजून आला न्हाय, तम्मा."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बत्तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला ते तम्मा म्हणत आणि मला बरं वाटे. कागद कसा वाचायचा, टिपणी कशी लिहायची, प्रत्येक पानाला नंबर कसा घालायचा, सगळं त्यांनी शिकवलं. बोलताना ते आमच्या सोलापुरी वळणाचं बोलत, लिहायला बसले की दुसराच कुणीतरी माणूस लिहायचा. "बस की रे, चहा घे," म्हणणारे अण्णा त्याच हाताने "सबब सदर प्रकरणी खुलासा अपेक्षित आहे" असं लिहीत.

फाईलबाहेर राहिलेल्या कागदाचा त्यांना धसका होता. "फाईलबाहेरचा कागद म्हंजे गड्ड्याच्या जत्रंत हरवलेलं पोर," असं म्हणत. कुणाच्या टेबलावर सुटा कागद दिसला तर ते त्याच्याजवळ उभे राहत, कागदाचा मालक येईपर्यंत.

एकदा साहेबांनी दोन दिवसांची रजा मागितली. साहेब तरुण होते, पुण्याकडचे. रजेचा कागद नोंदीसाठी अण्णांकडे आला. कारण लिहिलं होतं "घरगुती". अण्णांनी लाल खूण करून परत पाठवला: कुठल्या घरचं, पुण्याच्या की सासरच्या? साहेब तावातावाने बाहेर आले.

"म्हमाणे, मी तुमचा वरिष्ठ आहे!"

"व्हय साहेब. म्हणून तर लई बारकाईनं बघितलं."

साहेबांनी "सासरच्या" असं लिहून दिलं. कचेरीत आठ दिवस हा विषय पुरला.

दुपारी एकला अण्णा डबा उघडत. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ती भाकरी मोडल्याचा आवाज आला की शाखेतले सगळे घड्याळं लावून घेत. बाळीवेशीतल्या त्यांच्या घरीही हाच कारभार. अव्वाने शेजारच्या पोराकडून किराण्याची चिठ्ठी लिहवून दिली तर वर "विषय: किराणा" लिहिलेलं असावं लागे. "न्हाईतर दुकानात जाऊन परत येतेत," अव्वा म्हणायची. "पिशवी रिकामी आन् तोंडानं त्रुटी."

त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धराम. घरात सिद्राम. सूतगिरणीचं शिक्षण घेऊन तो पश्चिम जर्मनीला गेला, माग बनवणाऱ्या कारखान्यात. तिथून त्याचं पहिलं पत्र आलं, चार पानी. अप्पा, इथं बर्फ पडतो, अप्पा, इथं भाकरी नाही, असं सगळं. अण्णांनी ते दोनदा वाचलं, मग लाल टोकाने शेरा मारला: "दिनांक नाही. विषय नाही. 'इथं' म्हणजे कुठं याचा उल्लेख नाही. पूर्ततेसाठी परत." आणि खरोखरच परत पाठवलं. जर्मनीला.

सिद्रामने पूर्तता केली नाही. अडीच वर्षं त्याचं पत्र नाही.

मी एकदा भीत भीत विषय काढला. अण्णा म्हणाले, "येईल की पूर्तता. मी मुदत घातली न्हाई, ती माझी चूक." एवढं म्हणून ते कोटाच्या खिशातली पेन्सिल उगीचच काढून पुन्हा ठेवत राहिले.

मग एक दिवस आमचा पट्टेवाला दस्तगीर टपालाचा गठ्ठा घेऊन आला आणि वरची फाईल अण्णांसमोर धरून उभा राहिला.

"अण्णा, इसमें तुमारे छोरे का नाम है, देखो तो."

अण्णांनी चष्मा पुसला. नाव पाहिलं. "छोरा न्हाय, दस्तगीर. अर्जदार."

"बाप के सामने बेटा अर्जदार कैसा होता जी?"

"हितं सगळेच अर्जदार."

प्रकरण असं होतं. सिद्रामला तिथलं नागरिकत्व घ्यायचं होतं. तिकडचे लोक म्हणाले, आधी तुझ्या देशाचं सोडल्याचा कागद आण. त्याने आपल्या वकिलातीकडे अर्ज केला. वकिलातीने तो दिल्लीला, दिल्लीने मुंबईला आणि मुंबईने आमच्या कचेरीला पाठवून विचारलं होतं: सदर इसम आपल्या जिल्ह्याचा आहे, त्याने नागरिकत्व सोडण्यास स्थानिक पातळीवर काही हरकत आहे काय? अहवाल सादर करावा.

तीन ओळींचं उत्तर पुरलं असतं. नागरिकत्व सोडण्याचं प्रकरण आमच्याकडे याआधी कधी आलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा नमुनाही नव्हता. अण्णांनी आधी साहेबांना लेखी कळवलं की अर्जदार हा खाली सही करणाराचा पुत्र आहे, तरी प्रकरण कोणाकडे द्यावे? साहेबांना रजेचा कागद आठवत असावा. त्यांनी लिहिलं, "आपणच पाहावे."

अण्णांनी पाहिलं. आयुष्यभर त्यांनी बदल्या पाहिल्या होत्या. एका जागेवरून माणूस दुसऱ्या जागी जातो तेव्हा चार्ज देतो, यादी करतो, समोरचा "चार्ज घेतला" म्हणून सही करतो, मग त्याला कार्यमुक्त करतात. देश बदलणं ही त्यांच्या दृष्टीने मोठी बदली होती. त्यांनी अर्जदाराला थेट पत्र धाडलं, निळ्या विमानपत्रावर, नऊ मुद्द्यांचं. त्यातला पहिला मला पाठ आहे: "अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाचा चार्ज कोणाकडे सोपविला याचा अर्जात उल्लेख नाही."

मी म्हटलं, "अण्णा, नागरिकत्वाचा कुठं चार्ज असतो?"

"मग असंच सोडून जायचं? दार उघडं टाकून?"

बावीस दिवसांनी उत्तर आलं. वर दिनांक. विषय. संदर्भ. खाली मुद्देनिहाय खुलासा. अडीच वर्षं बापाला एक ओळ न लिहिणाऱ्या सिद्रामने कचेरीला तीन पानं लिहिली होती. अण्णांनी ती उभ्याने वाचली. फाईल घरी नेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी उत्तराची हाताने नक्कल केली, खाली "खरी नक्कल" असं लिहून सही केली आणि ती घडी करून घरी नेली, अव्वाला वाचून दाखवायला. त्या दिवशी शाखेत भाकरी मोडल्याचा आवाज आला नाही आणि कुणालाच वेळ कळली नाही.

चार दिवसांनी अण्णांनी दुसरं त्रुटीपत्र काढलं. आता त्यात अव्वाचेही मुद्दे होते. घरी ती चुलीपाशी बसून सांगायची, "विचारा की, पाय गार पडत्यात का त्याचे," आणि कागदावर यायचं: "अर्जदाराकडील पायमोज्यांची संख्या व सद्यःस्थिती कळवावी." उत्तर यायचं: "पायमोजे सहा जोड. पैकी लोकरी दोन. एक अंगठ्याशी फाटलेला." पुढच्या पत्रात: "फाटलेला जोड शिवला किंवा कसे?" एका टपालात "शेंगा चटणीच्या डब्याची पोच अप्राप्त" असं गेलं. त्यावर: "डबा पोचला. सीमाशुल्कवाल्यांनी उघडून वास घेतला व ते शिंकले. चटणी संपली. डबा राखून ठेवला आहे."

सिद्राम कधी "अप्पा" लिहीत नव्हता. "महोदय" लिहायचा. अण्णाही "अर्जदार" लिहायचे. पण पाचव्या फेरीला पत्राच्या तळाशी, सहीच्या खाली, बारीक अक्षरात होतं: "मुद्दा बाहेरचा: अव्वाचा गुडघा कसा आहे?" अण्णांनी त्या ओळीवर लाल टोक टेकवलं, थोडा वेळ धरलं आणि उचललं. खूण केली नाही.

मी समोरच्याच टेबलावर होतो. मला सगळं दिसत होतं आणि सगळं कळत होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी स्वतःला सांगत राहिलो की मला कळलं नव्हतं.

चार्जची यादीही आली. मतदार यादीतलं नाव, एक. संक्रांतीच्या जत्रेत नंदीध्वजामागे चालण्याची जागा, एक. सायकल, एक, घंटी नाही. शिधापत्रिकेवरचं नाव, एक. अण्णांनी घरी जाऊन सायकल तपासली आणि शेरा लिहिला: "चार्ज घेतला. घंटी खरोखर नाही."

अडलं ते शिधापत्रिकेपाशी. सिद्रामचं नाव तिच्यावर अजून होतं. देश सोडणाऱ्याचं नाव रेशनवर कसं राहील? अण्णांनी कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला, म्हणजे अव्वाला, नोटीस दिली: नाव कमी करण्यास हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. दस्तगीर ती घेऊन बाळीवेशीत गेला आणि हसत परत आला.

"अव्वा बोली, हरकत है. लई हरकत है बोली. लिख के लेव बोली."

अण्णा गंभीर झाले. मुंबईचा प्रश्नच तो होता: काही हरकत आहे काय? आता होती. हरकत आली की सुनावणी घ्यावी लागते. सुनावणी साहेबांपुढे ठेवली.

अव्वा इरकली लुगडं नेसून आली, हातात डबा. साहेबांच्या टेबलावर तिने तो ठेवला. "पुरणपोळी हाय. सासरची रजा भेटली न्हवं तुमाला?" साहेब लाल झाले. मी लिहून घ्यायला बसलो होतो. अण्णा भिंतीपाशी उभे, कचेरीच्या बाजूने.

"हरकतदाराचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"ह्यांना विचारा की. ह्यांना ठाऊक हाय."

"नियमाप्रमाणं स्वतः सांगायचं असतं," अण्णा म्हणाले.

"बघा साहेब. तीस वर्सं झाली, अजून मलाच विचारत्यात मी कोण."

"बाई, तुमची हरकत काय आहे?"

अव्वाने लुगड्याचा पदर खांद्यावर नीट केला. "माजं पोरगं तिकडं ऱ्हायना का. काम करू दे, लगीन करू दे, गोरी आणू दे. मी भाकरी शिकवीन तिला. पण ते हितलं न्हाय असं कागदावर का लिवायचं? मी हितली. माज्या पोटात आलं ते हितं आलं. आता ते हितलं न्हाय म्हंजे मी काय बाळंतपणाला जर्मनीला गेलते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्दशः लिहून घेतलं होतं. ती साक्ष फाईलीत पान एकोणतीसवर अजून असेल.

"कायद्याने मुलगा सज्ञान आहे," साहेब हळूच म्हणाले. "त्याला सोडायचं असेल तर..."

"मग मला कशाला इचारलं? इचारलंय तर माजी हरकत हाय. जवर मी न्हाय म्हनत न्हाय, तवर हाय."

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "हरकतीत तथ्य आहे किंवा कसे याबाबत अधिक चौकशी आवश्यक आहे, साहेब." त्यांचा आवाज कचेरीतलाच होता, पण त्यांच्या हातात अव्वाचा रिकामा झालेला डबा होता आणि त्याचं झाकण त्यांना काही केल्या लागत नव्हतं.

प्रकरण पुढल्या तारखेला ठेवलं. मग त्याच्याही पुढल्या. हरकत चालू असेपर्यंत अहवाल जाणार नव्हता, अहवाल जात नाही तोवर त्रुटीपत्रं जाणार होती, आणि त्रुटीपत्रं जात होती तोवर बावीस दिवसांनी एक पत्र येणार होतं. असं एक वर्ष गेलं.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. वार्षिक दप्तर तपासणी जाहीर झाली. प्रलंबित प्रकरणांची नोंदवही माझ्याकडे होती आणि त्यात हे सगळ्यात जुनं होतं. आणि एक पत्र आलं, "संबंधित कारकून यांस". ते मीच होतो.

सिद्रामने लिहिलं होतं, माझे वडील काय करत आहेत ते मला समजतं. मलाही त्यांच्या मुद्द्यांची सवय झाली आहे. पण इथली मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्यानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि कारखान्यात मला जी जागा मिळणार आहे ती या कागदावर आहे. आपण काही करू शकलात तर करा. अव्वाला काही कळू देऊ नका.

हे पत्र फाईलला लावायला हवं होतं. मी ते खणात ठेवलं.

त्या आठवड्यात अण्णा अक्कलकोटकडे पुतण्याच्या मुलीच्या बारशाला गेले, चार दिवस रजेवर. तिसऱ्या दिवशी मी फाईल काढली आणि टिपणी लिहिली. तीन ओळींची. तिसरी ओळ अशी: "हरकतदाराने आपली हरकत स्वखुशीने मागे घेतली असल्याने अहवाल निरंक पाठविण्यास हरकत नाही." साहेबांनी न वाचता सही केली. त्यांनाही तपासणीची भीती होती. दुपारच्या टपालात अहवाल गेला.

मी सिद्रामसाठी केलं असं म्हणू शकतो. मुदत खरी होती, पत्र खरं होतं. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सिद्राम नव्हता. तपासणी अधिकारी होता आणि नोंदवहीतला माझ्या नावापुढचा लाल रकाना होता. पत्र आलं नसतं तरी मी बहुतेक तेच केलं असतं. इतक्या वर्षांत मला स्वतःला याहून चांगलं उत्तर देता आलेलं नाही.

अण्णा सोमवारी आले. पेढा दिला, बाळाचं नाव काय ठेवलं ते सांगितलं आणि फाईल उघडली. मी माझ्या टेबलावर मान खाली घालून बसलो होतो. पान उलटल्याचे आवाज ऐकत होतो. ते थांबले.

मग अण्णा म्हणाले, "तम्मा."

मी उठून गेलो. ते टिपणीकडे पाहत होते. खोटं त्यांना कळलंच होतं. जिची हरकत ती रोज त्यांच्यासमोर भाकरी थापत होती. एक शब्द साहेबांना सांगितला असता तर माझी नोकरी गेली असती. मी ते बोलायची वाट पाहत होतो. खरं म्हणजे त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं.

त्यांनी लाल टोकाने टिपणीच्या वरच्या कोपऱ्यात गोल केला.

"पान नंबर घातला न्हाईस," ते म्हणाले. फाईल बंद केली. "अव्वाला सांगू नको."

काही महिन्यांनी दिल्लीहून एका ओळीची प्रत आली: नागरिकत्व सोडल्याची नोंद झाली आहे. त्या कागदाची अण्णांनी खरी नक्कल केली नाही. आता विचारायला मुद्दा उरला नव्हता, त्यामुळे विमानपत्रंही थांबली. अव्वाने घरी विचारलं असणार. एकदा बाजारात ती मला म्हणाली, "ह्ये म्हनत्यात फाईल साहेबाकडं अडकलीया. व्हय रे?"

"हो अव्वा."

"आन् माजी हरकत?"

"चालू आहे."

ती खूश झाली. पिशवीतून दोन वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली. त्यानंतर दर भेटीत ती हाच प्रश्न विचारी आणि मी हेच उत्तर देई. मी सात रस्त्याच्या बाजूने घरी जायचं सोडलं, लांबच्या वाटेने जाऊ लागलो. मग तीही एकदा त्याच वाटेवर भेटली.

अण्णा निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या मानपत्रात त्यांनी दोन चुका दाखवल्या आणि मग ते स्वीकारलं. माझ्याकडे चार्ज दिला. कपाटं दोन, किल्ल्या तीन, नोंदवह्या अठरा, शाईची दौत एक. यादीच्या शेवटी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं: "प्रलंबित हरकत, तोंडी, एक."

मी वर पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. मी खाली लिहिलं, "चार्ज घेतला," आणि सही केली.

आता शेवटचं सांगतो. अण्णांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. माझी अकलूजला बदली झाली त्याच्या थोडं आधी, एका सकाळी तिघं कचेरीत आले. पुढे अव्वा, मध्ये उंच, टक्कल पडू लागलेला सिद्राम, मागे छत्री घेऊन अण्णा. परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला असेल तर वर्दी द्यावी लागे आणि ते काम आमच्या शाखेकडे होतं.

अण्णांनी आधी एक पत्र माझ्यासमोर ठेवलं. "बघ. ह्यानं येण्याआधी धाडलेलं." वर दिनांक, त्याखाली "विषय: घरी येण्याबाबत." अण्णा म्हणाले, "एक त्रुटी न्हाय, तम्मा. शोधून बघ." आणि मग आवाज खाली आणून, "वर्दीचा कागद अव्वाला दिसू देऊ नको. मी सांगितलंय, सायकलीच्या परवान्याच्या कामाला आलोय म्हणून."

मी नमुना दिला. बाप-लेक खाली मान घालून भरू लागले.

"भेटीचा हेतू," अण्णांनी हळूच वाचलं.

"लिवा की, जेवायला आलोय," सिद्राम म्हणाला.

"तसा रकाना न्हाय."

"मग पर्यटन लिवा."

"बाळीवेशीत काय बघणार तू पर्यटन?"

सिद्राम हसला. त्याच वेळी बाकावर बसलेली अव्वा उठली आणि थेट माझ्या टेबलापाशी आली. मी कागदावर हात ठेवला.

"तम्मा, आता पोरगं बी हाय, ह्ये बी हाईत. आता खरं सांग. माज्या हरकतीचं काय झालं?"

माझ्या उजव्या हाताच्या खणात सिद्रामचं ते पत्र होतं. सांगायची वेळ हीच होती. ऐकायला तिघंही होते आणि तिघांचाही मी अपराधी होतो. मी खणाची कडी धरली, पण खण ओढला नाही.

"तारीख पडलीय," तिच्यामागून आवाज आला. अण्णांचा. आयुष्यभरात त्यांना समोरासमोर खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "सुनावणीची पुढची तारीख पडलीय."

अव्वाने सिद्रामकडे पाहिलं.

"व्हय अव्वा," सिद्राम म्हणाला. त्याने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मलाबी कळवलंय."

"मग तुला यावं लागंल की. अर्जदार न्हाय तर सुनावणी कशी हुईल?"

"येतो की."

"तोंडी नको." ती माझ्याकडे वळली. "लिवून दे."

मी कोरा कागद घेतला. लिहिलं: "सुनावणी पुढील संक्रांतीस. अर्जदाराने समक्ष हजर राहावे." माझ्या नोकरीतला हा दुसरा खोटा कागद. जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, संदर्भ नाही. अव्वाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने तो अण्णांकडे दिला. "बघा, बराबर हाय का."

अण्णांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ धरला, सगळा वाचला, दोनदा. खिशातून पेन्सिल काढली. मी लाल खुणेची वाट पाहत होतो. त्यांनी पेन्सिल उलटी केली आणि निळं टोक कागदावर टेकवून बरोबरची खूण ओढली. टोक कधी तासलेलंच नव्हतं. रंग उमटला नाही, कागदावर नुसता वळ उठला.

"हाय," ते म्हणाले. "बरोबर हाय."

अव्वाने चिठ्ठी कमरेच्या पिशवीत खोचली. तिघं जिना उतरून रस्त्याला लागले. खिडकीतून मला दिसत होतं, सिद्राम मध्येच थांबून काहीतरी म्हणाला, बहुतेक ऊन लागतं असं, आणि अण्णांनी छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली. तो बापापेक्षा वीतभर उंच होता. अण्णांना हात पार वर करावा लागत होता, आणि तसाच हात वर धरून ते सात रस्त्यापर्यंत गेले.